वरचा सूर आणि पुढचा दात

दादांनी चहात बिस्कीट बुडवलं आणि सूनबाईच्या मनात पाल चुकचुकली.

बिस्कीट बुडवून खाणाऱ्यांना हा माणूस उभं आयुष्य नावं ठेवत आला होता. आज त्यांनी स्वतःच ते कपात धरलं, चांगलं मऊ होऊ दिलं आणि तोंडाच्या डाव्या कोपऱ्यातून हळूच आत सरकवलं. सूनबाईचा नवरा वर्तमानपत्रात डोकं खुपसून बसला होता आणि सासूबाई मटार सोलत होत्या, त्यामुळे त्या दोघांच्या काही लक्षात आलं नाही. पण सूनबाई पडली दातांची डॉक्टर. खालच्याच मजल्यावर तिचा दवाखाना होता, आणि समोरचा माणूस कोणत्या बाजूनं चावतो हे बघायची तिला खोडच लागली होती. लग्नाच्या पंगतीतसुद्धा ती लोकांचे जबडेच बघत बसे.

"दादा, पुढचा दात हलतोय का?"

"कुणाचा?"

"तुमचा."

"छे!" दादा म्हणाले. पण म्हणताना वरचा ओठ त्यांनी तसूभरही वर जाऊ दिला नाही.

सासूबाईंचा मटार सोलणारा हात थांबला. नवऱ्यानं वर्तमानपत्र खाली ठेवलं, एकदा बापाकडे आणि एकदा बायकोकडे बघितलं, आणि मग व्हायची ती चूक त्याच्या हातून झालीच. बाहेर जाऊन त्यानं अक्काआत्याला फोन केला. अक्काआत्याला सांगणं म्हणजे पंपकाकांना सांगणं, आणि पंपकाकांना सांगितलं की मग गावात दवंडी पिटायची गरज उरत नाही.

एरवी एका म्हाताऱ्याचा दात हलला म्हणून कुणी एवढं मनावर घेतलं नसतं. पण शनिवारी कार्यक्रम होता. एवढ्या वर्षांनी दादा, अक्काआत्या आणि पंपकाका ही तिन्ही भावंडं एका स्टेजवर उभी राहणार होती, आणि आज मंगळवार उजाडला होता.

तरुणपणी या तिघांनी फंक वाजवलं होतं. फंक म्हणजे असं संगीत, की पहिला ठोका पडला की माणसाची कंबर माणसाला विचारत नाही. त्यात दादांचं ट्रम्पेट, मधल्या अक्कांचा सॅक्सोफोन आणि धाकट्याचा ट्रॉम्बोन. ट्रॉम्बोनची नळी सारखी पुढेमागे करायची असते, म्हणून धाकट्याचा झाला पंप, आणि पुढच्या पिढीसाठी पंपकाका. या हॉर्नवाल्यांचं, म्हणजे फुंकून वाजवणाऱ्यांचं, काम मोठं विचित्र. ड्रम आणि बेस गिटार आपलं दळण दळत असतात, गाणारा घसा फोडत असतो, आणि हे तिघं वाद्यं छातीशी धरून देवळातल्या मूर्तींसारखे गप्प. मग मध्येच तिघं मिळून दोन सुरांचा एक सणसणीत फटका मारायचे आणि पुन्हा गप्प व्हायचे. पण तो फटका असा बसायचा की बसलेला माणूस उभा राहायचा.

पुढे जमाना बदलला आणि तीन माणसांचं काम एक यंत्र करायला लागलं. दादांनी चष्म्यांचं दुकान टाकलं, अक्का शाळेत भूगोल शिकवायला लागल्या, पंपकाका विम्यात शिरले. बँडची एक रेकॉर्ड तेवढी निघाली होती, आणि तिच्याच पायी दोघा भावांचं बोलणं बंद झालं. कारण असं, की कव्हरवर दादा मधोमध हसताना दिसत होते, शेजारी अक्का दिमाखात उभ्या होत्या, आणि पंपकाकांचं फक्त कोपर आलं होतं. कोपर आणि थोडीशी नळी. "फोटो काढणाऱ्यानं कापलं," असं दादा सांगत. "कापायला कुणी सांगितलं?" असं पंपकाका विचारत. यापुढे चर्चा कधी गेली नाही.

आणि मग यंदा ही रेकॉर्डवाली उगवली. जुन्या रेकॉर्डींचं दुकान चालवणारी, केसांना निळा रंग फासलेली, अंगानं काडीसारखी पोरगी. भंगारात सापडलेली ती रेकॉर्ड छातीशी धरून ती एके दिवशी दारात उभी राहिली. तिच्या दुकानात म्हणे पोरंपोरी ती ऐकायला रांग लावत होती. "आजोबा, यंत्रातला आवाज बिनचूक असतो हो," ती दादांना म्हणाली होती, "पण तुमच्यात तिघांचा श्वास ऐकू येतो. फटक्याच्या आधी. तो ऐकला की माझ्या अंगावर काटा येतो." दादांनी त्याच संध्याकाळी ट्रम्पेट पुसायला काढलं. भाऊ भावाशी बोलायला लागला तोही त्या निळ्या केसांच्याच कृपेनं, अर्थात कोपराचा विषय सोडून.

आता उंच सूर दमानं काढायचा असतो. पण दादांचा दम पूर्वीचा राहिला नव्हता, म्हणून गेले काही आठवडे ते दम नाही तर जोर लावत होते. माउथपीस ओठांवर दाबायचे, ओठ दातांवर दाबले जायचे, आणि सूर निघाला की खूश व्हायचे. त्या जोरानं पुढच्या दाताचं व्हायचं ते झालं होतं.

सर्वांत आधी दवाखान्यात आले पंपकाका. पेशंट बाहेर बसलेले असताना सरळ आत.

"सूनबाई, मी आपला स्पष्ट बोलणारा माणूस आहे. दात गेला असेल तर गेला म्हणून सांगून टाक. उगाच खोटी आशा लावू नये माणसाला."

"काका, मी अजून बघितलासुद्धा नाही."

"बघायचंय काय त्यात? वय बघ की त्याचं!" काकांनी खुर्ची जवळ ओढली आणि आवाज खाली आणला. "शेवटी वरचा सूर कुणीतरी धरायला हवा ना? मला काही हौस नाही हं. पण वेळ आलीच तर मी मागे हटणार नाही. घराण्याच्या नावाचा प्रश्न आहे."

"तुम्ही सराव केलाय का वरच्या सुराचा?"

"थोडासा," काका लाजून म्हणाले. "गच्चीवर."

ते गेले तशा अक्काआत्या हजर. भूगोलाच्या तासाला वर्ग गप्प बसवणारी ती नजर निवृत्तीनंतरही शाबूत होती.

"हलत नाही म्हणून सांगायचं."

"आत्या, हलतोय तो."

"मग थोडासाच हलतोय म्हण! दादा नसला तर वरचा सूर त्या पंपाकडे जाईल, आणि त्याच्या हाताखाली मी जन्मात वाजवणार नाही. त्याला पहिल्या ठोक्यापर्यंत धीरच निघत नाही. आधीच घुसतो. लहानपणी जेवायलाही असाच बसायचा, ताटं मांडायच्या आत."

सूनबाईनं हातमोजे काढले आणि कपाळाला हात लावला. अकरा ते एक एवढ्या वेळात तिच्याकडे एकाच दाताबद्दल दोन उलटसुलट शिफारशी आल्या होत्या, आणि ज्याचा दात तो माणूस मात्र वर तोंड मिटून बसला होता.

तिसऱ्या आल्या सासूबाई. या बाई दवाखान्यात कधी पाऊल टाकत नसत, औषधांचा वास सहन होत नाही म्हणून. लग्न झाल्यापासून त्यांनी न्हाणीघरात चाललेला ट्रम्पेटचा सराव ऐकला होता, आणि 'एकदाचं ते भोंगाडं बंद पडू दे' हे वाक्य घरात सगळ्यांना पाठ होतं. त्यामुळे त्या दात काढायलाच सांगणार, याबद्दल सूनबाईला शंका नव्हती.

"बांधून दे गं," सासूबाई म्हणाल्या.

"आई, तुम्ही म्हणताय हे?"

"मी नाही तर कोण म्हणणार? वाजवत नसले की ते बोलत बसतात. चष्म्याच्या काचांबद्दल. त्यापेक्षा ट्रम्पेट बरं." त्यांनी पदरानं नाक झाकलं, आणि मग हळूच काढला. "यांचा बँड वाजवायचा त्या हॉलमध्ये मी नाचायला जायचे, सांगितलंय ना तुला? सगळी पोरं उड्या मारत असायची आणि हे एकटे शांत उभे. ठोक्याची वाट बघत. मला वाटलं, एवढा धीर धरणारा माणूस संसाराला चांगला. ते काही तितकंसं खरं निघालं नाही, पण ते जाऊ दे. एकदा नीट वाजवू दे त्यांना, बाई. पुन्हा कुठे यायचाय हा योग."

या बाई कधीकाळी नाचत होत्या हे सूनबाईला माहीत होतं, पण खरं वाटलं ते आज.

दुसऱ्या दिवशी दुपारी, दवाखाना बंद असताना, दादांना खाली आणलं. आजवर ते गावाच्या दुसऱ्या टोकाला एका कापऱ्या हातांच्या डॉक्टरकडे जात. सुनेपुढे जबडा उघडायचा म्हणजे त्यांना मेल्याहून मेल्यासारखं. आज नाइलाज होता. ते खुर्चीत आडवे झाले, डोळे मिटले आणि तोंड उघडलं. बाकीचं खानदान दाराशी खेटून उभं राहिलं. रेकॉर्डवालीही आली होती आणि नखं खात होती.

सूनबाईनं आरसा घातला, बोटानं दात हलवून बघितला, एक्स-रे काढला. मग तो उजेडाकडे धरून तिनं दोनदा बघितला. खोटं बोलायची तिला सवय नव्हती, आणि आता ती लावून घ्यायची तिची तयारीही नव्हती.

"दादा, हाड झिजलंय. दात नुसता हिरडीच्या आधारानं उभा आहे, आणि मुळाशी पू झालाय. काढावा लागेल."

मग दादांनी, अक्कांनी आणि पंपकाकांनी श्वास घेतला, आणि तिघंही एकाच वेळी बोलायला लागले. या भावंडांची ही जुनीच रड होती. इतकी वर्षं शेजारी उभं राहून एका दमात फटका मारायचा सराव झालेला, त्यामुळे भांडतानाही तिघांचा श्वास एकदम भरायचा आणि तोंडं एकदम सुटायची. कुणाचंच कुणाला ऐकू जात नसे. पुन्हा थांबायचेही तिघं एकदमच.

"एक कार्यक्रम निघेल?" दादांनी शेवटी एकट्यानं विचारलं.

"पहिल्याच गाण्यात हातात येईल."

"मग एक गाणं?"

"त्यात कितीदा फुंकायचं असतं?"

दादा हिशेब करायला लागले आणि करताकरता त्यांचा चेहरा उतरला. सूनबाईनं त्यांना कधी असं बघितलं नव्हतं. चष्म्याचं दुकान विकलं त्या दिवशीही हा माणूस शीळ घालत घरी आला होता.

"हे बघा," ती म्हणाली. "औषध आजच सुरू करते, आणि शेजारच्या दातांना तारेनं बांधून देते. पण डॉक्टर म्हणून सांगते, एकही सूर नको."

"आणि सून म्हणून?"

सूनबाईनं सासूबाईंकडे बघितलं. सासूबाई छताकडे बघत होत्या.

"सून म्हणून एक."

"एक गाणं?"

"एक सूर!"

आता आली का पंचाईत! अख्ख्या गाण्यातला एकच सूर निवडायचा तर कुठला? रेकॉर्डवालीनं फोनवर गाणं लावलं आणि सगळे कान देऊन ऐकू लागले. पंपकाका म्हणाले, सुरुवातीचा. नवरा म्हणाला, मधला, आणि त्याला कुणी विचारलं नव्हतं. एवढ्यात गाण्यात ती जागा आली. ड्रम थांबला, बेस थांबला, गाणारा थांबला. सगळं ठप्प. आणि त्या शांततेत तिघांचा एक फटका पडला.

"हा," अक्का म्हणाल्या.

यावर कुणी वाद घातला नाही. या घरात हे प्रथमच घडत होतं. त्या जागेला हॉलमधली माणसं एक पाय हवेत धरून उभी राहायची, असं सासूबाई म्हणाल्या, आणि कुणाचाही तोल जात नसे.

"ठरलं तर," दादा म्हणाले. "तो माझा. बाकी ठिकाणी वरचा सूर पंप घेईल."

सगळ्यांनी पंपकाकांकडे बघितलं. ज्या गोष्टीसाठी माणूस गच्चीवर घाम गाळत होता ती ताटात वाढून समोर आली होती, आणि काका मात्र पांढरेफटक पडले.

"मी? नाही बुवा. तू गप्प उभा राहणार आणि मी वर जाऊन बोंब मारणार? मला नाही जमायचं. मी माझा खालचाच वाजवतो. किंवा नाहीच वाजवत!"

"मग मीही माझा सोलो सोडते," अक्का म्हणाल्या.

"तू सोलो सोडतेस? मग मी पहिली दोन्ही कडवी सोडली!"

"मी तिसरंही सोडलं!"

काल एकमेकांच्या मुळावर उठलेली भावंडं आज त्यागाला पेटली होती. रेकॉर्डवालीच्या डोळ्यांत पाणी आलं. "अहो, पण मग शनिवारी वाजवणार कोण?"

"वाजवतील," दादा खुर्चीतून उठत म्हणाले. "अक्का, सोलो तुझ्याच्यानं सुटायचा नाही, मी ओळखून आहे तुला. आणि पंप्या, तुला वरचा सूर जमतो. गच्चीवर वाजवतोस ते मला ऐकू येतं. वारा आमच्याच दिशेनं असतो." मग थोडं थांबून, दुसरीकडे बघत ते म्हणाले, "आणि आपली रेकॉर्ड पुन्हा निघतेय, तिच्या नव्या कव्हरवर तुझा फोटो टाकायला सांगितलंय मी या पोरीला. तोंडासकट."

पंपकाका बराच वेळ नाक शिंकरत राहिले, आणि औषधांचा वास फार आहे म्हणाले.

शनिवारी संध्याकाळी जुन्या छापखान्याचा हॉल पोरापोरींनी तुडुंब भरला होता. सूनबाई पुढच्याच रांगेत, खांद्याच्या पिशवीत कापसाचे बोळे आणि औषध घेऊन उभी होती. एका बाजूला नवरा, दुसऱ्या बाजूला सासूबाई. सासूबाईंनी आज ठेवणीतली साडी नेसली होती, आणि विचारलं तर 'सहज' म्हणाल्या.

रेकॉर्डवालीच्या ओळखीची पोरं ड्रम आणि गिटारवर बसली होती. गाणं सुरू झालं आणि हॉल हलायला लागला. अक्कांनी सोलो वाजवला, आणि तो ठरल्यापेक्षा लांबला. पंपकाका वरच्या सुरावर गेले, डगमगले, टिकले, आणि मग असे रंगात आले की त्यांना आवरायला हवं होतं. दोघांच्या मध्ये दादा ट्रम्पेट छातीशी धरून नुसते उभे. विशीतली पोरं त्या न वाजवणाऱ्या म्हाताऱ्याकडेच टक लावून बघत होती. हा कधी वाजवणार, यापलीकडे त्यांना काही सुचत नव्हतं.

मग ती जागा आली. सगळं ठप्प. दादांनी ट्रम्पेट उचललं, तिघांचे खांदे एकदम वर आले, आणि फटका पडला.

सूनबाईनं रेकॉर्डवर शंभरदा ऐकलेला तो सूर, पण रेकॉर्डवर असा अंगावर आला नव्हता. हॉलभर आरडाओरडा झाला. तिनं घाईघाईनं दादांच्या तोंडाकडे बघितलं. दादांनी ओठ मिटूनच मान हलवली. दात जागेवर होता. तिनं सुटकेचा निःश्वास टाकला आणि नवऱ्याचा हात सोडला. त्यावर तिच्या नखांचे वळ उठले होते.

पण ड्रमवरचं पोरगं तरुण होतं. लोक एवढे ओरडतायत म्हटल्यावर ते कशाला थांबतंय? ठरलं होतं गाणं तिथं संपवायचं, आणि यानं पुन्हा ठेका धरला. बेसवाला त्याच्या मागे, गिटारवाला त्याच्या मागे. अक्का आणि पंपकाका एकमेकांकडे बघत नाइलाजानं वाजवत राहिले, आणि गाणं सगळा फेरा घेऊन पुन्हा त्याच जागी आलं. ड्रम थांबला. बेस थांबला. सगळा हॉल एक पाय उचलून उभा राहिला.

दादांनी सूनबाईकडे बघितलं.

विचारत होते ते. एवढ्या गर्दीत, एवढ्या शांततेत, हा हट्टी माणूस तिला विचारत होता. तिच्या डोळ्यांपुढे तो एक्स-रे आला. झिजलेलं हाड आलं, पू आला. आता पुन्हा ओठ टेकवले की दात राहणार नाही, आणि दात गेला की हा वरचा सूर या माणसाच्या तोंडून पुन्हा निघायचा नाही, हे त्या हॉलमध्ये फक्त दोघांना पक्कं ठाऊक होतं. शेजारी सासूबाईंनी तिचं मनगट धरलं.

"वाजवा!" सूनबाई ओरडली. "दादा, वाजवा!"

दादांनी वाजवलं. मघाच्या दुप्पट. छापखान्याच्या काचा थरथरल्या, आणि तो सूर तुटला नाही, दादांनी तो धरून ठेवला, दम संपेपर्यंत. मग ट्रम्पेट खाली आलं. दादांनी तळहात तोंडाशी नेला, त्यात काय आलं ते बघितलं, आणि मूठ मिटून तिच्याकडे बघून हसले. मधोमध खिंडार पडलेलं, रक्ताळलेलं, असलं मोठं हसू तिनं त्यांच्या चेहऱ्यावर कधीच बघितलं नव्हतं.

ड्रम पुन्हा सुरू झाला होता. सूनबाईनं डोळे पुसले, पिशवीतून कापसाचा बोळा काढला आणि गर्दीतून वाट काढत ती स्टेजकडे निघाली. तिला घाई होती, रक्त थांबवायचं होतं. पण अर्ध्या वाटेवर तिच्या लक्षात आलं, की आपण केव्हापासून नाचतोय.